सिकलसेल : भाच्यासाठी ‘जीन थेरपी’चा विचार आताच करावा का?

प्रश्न : शिक्षक, नागभीड तालुका (जि. चंद्रपूर)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझा भाचा चौदा वर्षांचा असून नववीत शिकतो. लहानपणापासून त्याचे हातपाय दुखत असत आणि डोळे अधूनमधून पिवळे पडत असत. घरच्यांनी कधी वात समजून तेल चोळले, तर कधी कावीळ समजून गळ्यात माळ घातली. यंदा रोवणीच्या दिवसांत तो बांधीतल्या चिखलात दिवसभर राबला आणि त्याच रात्री छाती व कंबर इतकी दुखू लागली की त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागले. तेथे रक्त लावले आणि तपासणीत ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण, निघाला. मग घरातील सर्वांचीच तपासणी झाली. आईवडील दोघेही ‘एएस’ (वाहक) आहेत आणि एकुलती एक थोरली बहीणही ‘एएस’ आहे.

आता अडचण अशी आहे की भावजींच्या मोबाइलवर कोणीतरी एक चित्रफीत पाठवली, ज्यात सिकलसेल एकदाच्या उपचाराने कायमचा बरा होतो असे सांगितले आहे. तेव्हापासून ते दोन एकर धानाची बांधी विकायला निघाले आहेत. दुसरीकडे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल तशाच पडून आहेत, कारण औषध दुकानात कोणीतरी ‘ही कॅन्सरची गोळी आहे’ असे सांगितल्याने माझी बहीण, म्हणजे त्याची आई, त्या द्यायला धजत नाही. भाचीचे लग्नही जुळत आले आहे आणि ‘एएस’ असल्याचे मुलाकडच्यांना सांगावे की नाही, यावर घरात रोज वाद होतो. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, गोंदिया जिल्हा

गुरुजी, आधी भावजींना फोन करून बांधीचा व्यवहार थांबवायला सांगा. बाकीचे सावकाश वाचले तरी चालेल.

चित्रफितीतली बातमी खोटी नाही, ती अर्धी आहे. क्रिस्पर या जनुकात फेरफार करण्याच्या तंत्रावर आधारलेल्या ‘कॅसजेव्ही’ या जीन थेरपीच्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने मान्यता दिली. ती बारा वर्षांवरील अशा रुग्णांसाठी आहे ज्यांना वेदनेचे तीव्र झटके वारंवार येतात. यात रुग्णाच्याच रक्तातून रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यातील बीसीएल११ए या जनुकाचा एक नियंत्रक भाग निकामी करतात, दरम्यान बुसल्फान नावाच्या केमोथेरपीने रुग्णाचा जुना अस्थिमज्जा (हाडांतील रक्त तयार करणारा मगज) रिकामा करतात आणि मग बदललेल्या पेशी परत शरीरात सोडतात. चाचणीत ज्या ३१ रुग्णांचे निष्कर्ष काढता आले, त्यांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने तीव्र झटका आला नाही. ही कामगिरी खरोखर मोठी आहे. मात्र अमेरिकेत या उपचाराची किंमत सुमारे २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या वर आहे, त्यात कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागतात आणि बुसल्फानमुळे पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. दोन एकर बांधी यात कोठेही पुरणार नाही. आपल्या देशात दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेने ‘बिरसा १०१’ नावाचे असेच तंत्र विकसित केले असून नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची घोषणा झाली, पण जिल्हा रुग्णालयात जाऊन मागावा असा हा उपचार अजून झालेला नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे जीन थेरपी मिळेल, आगाऊ रक्कम भरा’ असे कोणी सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता कॅप्सूलविषयी. या आजारातील ‘एस’ हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब धागे तयार करते, त्यामुळे तांबडी पेशी वाकडी व ताठर होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासे होते. मुलाला जे दुखते ते यामुळे. जन्मापूर्वी बाळाच्या रक्तात ‘एफ’ हिमोग्लोबिन असते आणि ते हे धागे तयार होऊ देत नाही, परंतु जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होत जाते. कॅसजेव्हीमध्ये जनुकात फेरफार करून हेच ‘एफ’ पुन्हा सुरू करतात, आणि हायड्रॉक्सीयुरियाही मुख्यतः तेच वाढवते. परिणाम तेवढा मोठा नसतो आणि औषध बंद केले की तोही ओसरतो, पण मार्ग एकच आहे. ज्या उपचारासाठी जमीन विकायला निघालात, त्याचा धाकटा भाऊ तुमच्या घरात न उघडलेल्या पाकिटात पडला आहे.

औषध दुकानातले म्हणणे अगदी निराधार नाही. काही रक्तकर्करोगांत हे औषध वापरतात हे खरे आहे. मात्र सिकलसेलमध्येही त्याचा वापर जुना आहे. मोठ्यांमध्ये वेदनेचे झटके जवळपास निम्म्याने कमी होतात हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले, १९९८ मध्ये अमेरिकेत प्रौढांसाठी मान्यता मिळाली आणि २०१७ मध्ये दोन वर्षांवरील मुलांसाठीही मिळाली. लांब कशाला जायचे, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञांनी तीव्र आजार असलेल्या आपल्याच भागातील मुलांना किलोमागे रोज १० मिलिग्रॅम एवढ्या कमी, ठरावीक मात्रेत हे औषध देऊन झटके आणि रक्त लावण्याची वेळ या दोन्ही गोष्टी बऱ्याच कमी झाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध केले आहे. आपल्याकडच्या रुग्णांत ‘एफ’ मुळातच आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा अधिक आढळते, तरीही झटके येतात, त्यामुळे ‘आपला सिकलसेल सौम्य असतो’ या समजुतीवर विसंबू नये. अंगोला, काँगो, केनिया व युगांडा येथील मुलांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध सुरू झाल्यावर मलेरियाचे प्रमाणही सुमारे निम्म्यावर आल्याचे दिसले. गडचिरोलीला लागून राहणाऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

धोके आहेत, आणि ते सांभाळता येतात. औषध पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कमी करू शकते, म्हणून सुरुवातीला दर महिन्याला आणि मात्रा स्थिर झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करावीच लागते. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) २००० च्या खाली किंवा प्लेटलेट ८०,००० च्या खाली गेल्या की काही दिवस औषध थांबवतात, आकडे सावरले की पुन्हा देतात. मुलगा वयात येत असल्याने शुक्राणूंच्या संख्येवर परिणाम होऊ शकतो ही गोष्टही डॉक्टरांनी घरच्यांना मोकळेपणी सांगायला हवी. हे वेदनाशामक नव्हे. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात आणि बहुतेक घरांत नेमके दुसऱ्या महिन्यात ‘काही फरक नाही’ म्हणून ते बंद पडते. जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो : औषध नियमित घेतले की तांबड्या पेशींचा आकार, म्हणजे अहवालातील एमसीव्ही, वाढतो. त्यामुळे कॅप्सूल पोटात जाते की उशीखाली, हे आम्हाला न विचारताही बरेचदा कळते.

कायमचा बरा करणारा, भारतात आज प्रत्यक्ष होत असलेला उपचार म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. त्यासाठी सहसा सख्ख्या भावंडाचे एचएलए (पेशींवरील ओळखखुणा) जुळावे लागते आणि ती शक्यता प्रत्येक भावंडामागे २५ टक्के असते. भाची ‘एएस’ असली तरी एचएलए जुळल्यास ती दाता होऊ शकते. विचारणा करायचीच असेल तर मोठ्या केंद्रात जाऊन याविषयी करा. तोपर्यंत कॅप्सूल मात्र सुरू करा.

उत्तर २ : औषधविक्रेता, यवतमाळ जिल्हा

डॉक्टरांचा आदर राखून लिहितो. दुकानदाराने भीती घालू नये हे मान्य, पण नव्या औषधांविषयी सावध राहायला आम्हाला अनुभवानेच शिकवले आहे. व्होक्सेलोटोर या औषधाचा २०१९ मध्ये केवढा गाजावाजा झाला होता आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच ते जगभरातून मागे घेतले. क्रिझान्लिझुमॅब या इंजेक्शनचा पुढच्या चाचणीत फायदा सिद्ध झाला नाही आणि युरोपने २०२३ मध्ये त्याची मान्यता रद्द केली. उद्या हायड्रॉक्सीयुरियाचेही तसेच होणार नाही कशावरून? गावातला माणूस डॉक्टरांना विचारायला तालुक्याला जात नाही, तो आम्हालाच विचारतो.

उत्तर ३ : वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, गोंदिया जिल्हा

दोन्ही उदाहरणे बरोबर आहेत आणि ती दिलीत हे चांगलेच केले. पण त्यांतून मला उलटाच अर्थ दिसतो. व्होक्सेलोटोरच्या पाठीशी पाच वर्षांचा वापर होता आणि त्याने हिमोग्लोबिनचा आकडा वाढत होता, तर हायड्रॉक्सीयुरियाच्या पाठीशी तीन दशकांचा वापर आहे, वेदना, छातीतील गंभीर गुंतागुंत आणि मृत्यू या तिन्हींवर त्याचा परिणाम दीर्घकाळ पाहिलेला आहे. माणूस तुम्हालाच विचारतो हे खरे, म्हणूनच विनंती करतो की कॅन्सरचा उल्लेख करायचाच असेल तर त्याच दमात ‘सिकलसेललाही हेच देतात, फक्त रक्ततपासणी चुकवू नका’ एवढे जोडावे. कॅप्सूल गिळता न येणाऱ्या लहान मुलांसाठी साध्या तापमानाला टिकणारे द्रावणही २०२४ पासून भारतीय कंपनी तयार करते, तेवढे दुकानात मागवून ठेवता आले तर फार सोय होईल.

उत्तर ४ : प्रयोगशाळा तंत्रज्ञ, भंडारा जिल्हा

भाचीच्या लग्नाचा प्रश्न तपासणीशी बांधलेला आहे, म्हणून त्याविषयी लिहितो.

गावातील शिबिरात जी पहिली तपासणी होते ती बहुधा सोल्युबिलिटी. परीक्षानळीत रसायनाचे द्रावण घेऊन बोटातील थोडे रक्त मिसळतात आणि काही मिनिटांनी नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर ‘एस’ नाही, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर ‘एस’ आहे. तपासणी स्वस्त आणि झटपट आहे, मात्र वाहक आणि रुग्ण यांतला फरक तिच्यात कळत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळात ‘एफ’ जास्त असल्यामुळे, तसेच रक्त फारच कमी असलेल्या माणसात, ती फसवू शकते. शिबिरातून ‘पॉझिटिव्ह’ एवढीच चिठ्ठी घेऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत : वाहक असलेला धडधाकट तरुण स्वतःला आजारी समजून काम सोडतो आणि खरा रुग्ण ‘अर्ध्या गावाला आहे’ म्हणून निर्धास्त राहतो. पुढची पक्की तपासणी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस हीच आहे. एचपीएलसीमध्ये ए, एस, एफ आणि ए-टू या हिमोग्लोबिनची टक्केवारी स्वतंत्र आकड्यांत मिळते.

अलीकडचा खरा बदल या दोन टप्प्यांच्या मधे झाला आहे. रक्ताचा एक थेंब लागणाऱ्या पट्ट्या आल्या आहेत, ज्या १०-१५ मिनिटांत एए (‘एस’ नसलेला), एएस की एसएस हे गावातच सांगतात आणि नवजात बाळातही वापरता येतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले, त्यात या पट्ट्यांचा वापर होतो. बाळाचा निकाल जन्मतःच कळला तर पेनिसिलिन आणि न्यूमोकोकल लस वेळेवर देता येते, कारण या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. गुरुजी, तुमच्या भाच्याच्या गळ्यात काविळीची माळ पडली ती या पट्ट्या येण्याच्या आधीच्या काळात. आज जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत तसे होण्याचे कारण उरलेले नाही.

भाची ‘एएस’ आहे म्हणजे ती वाहक आहे, रुग्ण नाही. तिला कोणत्याही औषधाची गरज नाही. मुलाकडच्यांना सांगावे असे माझे स्पष्ट मत आहे, पण सांगण्याची पद्धत अशी असावी की दोघांचीही तपासणी एकाच वेळी मागायची. मुलगा ‘एए’ निघाला तर त्यांच्या अपत्यांपैकी कोणालाही एसएस होणार नाही, काही वाहक होतील एवढेच. तोही ‘एएस’ निघाला तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता २५ टक्के. ही शक्यता प्रत्येक वेळी नव्याने असते. ‘एक मूल आजारी झाले, आता तिघे चांगले होतील’ असा हिशेब सर्रास मांडला जातो आणि तो साफ चूक आहे. मुलाची तपासणी केवळ सोल्युबिलिटीवर थांबवू नका, कारण तो बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक असेल तर त्या तपासणीत काहीच दिसणार नाही. एस आणि थॅलेसेमिया एकत्र आलेल्या मुलांचा आजार एसएसइतकाच तीव्र असू शकतो. थॅलेसेमियाचा वाहक ए-टूच्या वाढलेल्या आकड्यावरून ओळखतात आणि तो पाहण्यासाठी एचपीएलसीच हवी.

उत्तर ५ : एसएस रुग्ण, आरमोरी तालुका (जि. गडचिरोली)

मी स्वतः एसएस आहे, दोन मुलांची आई आहे आणि हायड्रॉक्सीयुरिया कित्येक वर्षे घेत आहे. डॉक्टर साहेबांनी औषधाचे सांगितले, मी घरातले सांगते.

आमच्याकडे दुखणे सुरू झाले की पहिल्यांदा गावात सुई टोचणारा येतो. त्याच्या सुईने तासाभरात बरे वाटते, म्हणून सगळे खूश होतात, आणि चार दिवसांनी दुप्पट दुखते. ती सुई बहुधा स्टेरॉइडची असते, हे मला फार उशिरा एका डॉक्टरांनी समजावले. दुखू लागले की भरपूर पाणी, अंगावर उबदार कपडा, डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी, आणि तेवढ्याने भागले नाही तर सरळ रुग्णालय. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून दम लागला, डाव्या बरगडीखाली पोट फुगून मूल पांढरेफटक पडले, किंवा तोंड वाकडे होऊन हातपाय लुळा पडला, तर सकाळची वाट पाहायची नाही.

रोवणी, थंडीतली कापूस वेचणी आणि मे महिन्यातला तेंदूपत्ता ही तिन्ही कामे आमच्या अंगाला मानवत नाहीत. कुठे चिखलगारठा, कुठे पहाटेची थंडी, कुठे घाम आणि तहान. ‘जड कामे टाळा’ असे डॉक्टर लिहितात, पण मजुरीवर जगणाऱ्या घरात ते वाक्य निरुपयोगी आहे. त्याऐवजी काय करता येईल ते लिहावे, असे मला नेहमी वाटते. मी पाण्याची बाटली बांधीच्या धुऱ्यावर ठेवते, ओले लुगडे अंगावर वाळू देत नाही आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत तोडायला न जाता घरी सावलीत पुडे बांधते. तुमचा भाचा तर शाळकरी मुलगा आहे. त्याला वर्गात पाणी पिऊ द्यायला आणि लघवीला जाऊ द्यायला शिक्षकांनी अडवू नये, कवायतीत धावण्याची सक्ती करू नये, एवढे तुम्ही त्याच्या शाळेत बोलून करूच शकता. शाळेत मिळणारी लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला देऊ नका. आमच्यात लोह कमीच असते असे नाही, रक्त लावलेल्यांत तर ते जास्तही असते. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र लागते.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आताच काढायला घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मागायचा झाल्यास धावपळ होणार नाही. आणि तुमच्या बहिणीला माझ्या वतीने सांगा की भीती मलाही वाटली होती. मूल हवे असेल तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच कॅप्सूल बंद करावी लागते, ती मीही दोन्ही वेळा केली आणि बाळंतपणानंतर पुन्हा सुरू केली.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : शिक्षक, नागभीड तालुका

सर्वांचा ऋणी आहे. भावजींनी सौदा थांबवला आहे. सीबीसी करून कॅप्सूल सुरू करण्यासाठी या आठवड्यात रुग्णालयात जात आहोत आणि बहीण सोबत येणार आहे. मुलाकडच्यांशी मी स्वतः बोललो. ते आधी थोडे गप्प झाले, परंतु मुलाने तपासणीला होकार दिला आहे. एक शंका राहिली : समजा तोही ‘एएस’ निघाला आणि दोघांनी तरीही लग्न करायचे ठरवले, तर पुढे काय?

उत्तर ६ : वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, गोंदिया जिल्हा

लग्न करू नये असे कोणताही डॉक्टर त्यांना बजावू शकत नाही, निर्णय त्या दोघांचा. मात्र पाळीची तारीख चुकताच त्यांनी आशाताईंकडे नोंद करावी आणि ‘दोघेही वाहक’ हे पहिल्याच भेटीत सांगावे. दहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान वारेचा बारीक तुकडा काढून बाळाची जनुकीय तपासणी करता येते. ती तालुक्याला होत नाही, नागपूरसारख्या ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते, आणि तपासणीत गर्भपाताचा थोडा धोका असतो हेही त्यांना आधीच समजायला हवे. आपल्याकडे बाई चौथ्या-पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात येते आणि तोवर ही मुदत निघून गेलेली असते. त्यानंतर गर्भजलाची तपासणी उरते, पण निकाल येईपर्यंत आठवडे वाढत जातात आणि घरच्यांना विचार करायला वेळ उरत नाही. तपासणी नको असेल तर नको, पण मग बाळंतपण रुग्णालयातच करावे आणि बाळाची टाच टोचून घेतलेल्या रक्ताची तपासणी झाल्याशिवाय घरी जाऊ नये. मुलाचा एचपीएलसी अहवाल आला की येथे टाका, नाव झाकून. ए-टूचा आकडा मीही पाहतो.